गुळवेल: ओळख, लागवड आणि काढ्याचे माप

संस्कृतात गुळवेलीला अमृता म्हणतात आणि छिन्नरुहा, म्हणजे छाटली तरी पुन्हा वाढणारी, असेही म्हणतात. लागवडीची सारी रीत या दुसऱ्या नावातच आली आहे. पावसाळ्याच्या तोंडी बोटाएवढ्या जाडीची, दोन-तीन डोळे असलेली वीतभर कांडी घ्यावी आणि तिचा बुडखा मातीत राहील अशी कडुनिंबाजवळ लावावी. निंबावर चढलेली गुळवेल वैद्यपरंपरा अधिक गुणाची मानते. निंब नसेल, तर कुंपणावरही ती चांगली चढते.

तथापि कांडी आणण्यापूर्वी वेल नीट ओळखावी, कारण सर्वांत मोठी चूक येथेच होते. २०२०च्या कोरोनाकाळात सरकारी उपचारपद्धतीत गुळवेलीचा समावेश झाल्यावर ती घरोघरी पोहोचली. पण नावाबरोबर वैद्याची पारख घरोघरी पोहोचली नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी वेल चुकून वापरली गेली असावी, असे आयुर्वेदासारख्या पारंपरिक उपचारपद्धतींचे काम पाहणाऱ्या केंद्राच्या आयुष मंत्रालयाने म्हटले. या वादाचा निकाल काहीही असो, पारख शिकणे आपल्या हाती आहे. औषधी गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर गाठीसारखे उंचवटे नसतात, कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही आणि फळे गोल, लाल असतात. क्रिस्पाचे खोड करडे व उंचवट्यांचे, चीक दुधाळ आणि फळे लांबट, नारिंगी असतात. केवळ हृदयाच्या आकाराच्या पानावर विसंबू नये.

काढ्याचे माप शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेदग्रंथात स्पष्ट दिले आहे: भरडलेल्या द्रव्याच्या सोळापट पाणी घालून मातीच्या भांड्यात उकळावे आणि आठवा भाग उरल्यावर उतरवावे. म्हणजे १० ग्रॅम कांडी असेल, तर १६० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि आटवून २० मिलिलिटर ठेवावे. याच ग्रंथात गुळवेल नेहमी ओलीच वापरावी, असे सांगितले आहे. म्हणून वेल दारात असणे मला पुडीतल्या चूर्णापेक्षा महत्त्वाचे वाटते. ताजी कांडी धुऊन, वरची पातळ साल खरवडून ठेचावी, मंद आचेवर झाकण न ठेवता आटवावी, गाळावी आणि काढा त्याच दिवशी घ्यावा.

किती दिवस घ्यावा, हे वैद्यांना विचारूनच ठरवावे. गरोदर स्त्रिया, यकृताचा किंवा स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) विकार असलेले रुग्ण आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांनी स्वतःच्या मनाने सुरुवात करू नये. काढा चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना गेली, तर तो तत्काळ थांबवावा आणि डॉक्टरांकडे जाताना वेलीचा तुकडा व पान बरोबर न्यावे.