पोरगी सिरीयलमध्ये घेतली? पेढे वाटा, पण आधी हे बघा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे एखाद्या पोरीचं सिरीयलमध्ये सिलेक्शन झालं की गल्लीभर पेढे वाटतात, वाटायलाच पाहिजेत, पण सिरीयल कधीतरी संपते अन् पोरगी तेव्हा आठवी-नववीत असते, म्हणून तिच्या हातात नंतर काय उरेल ते पहिल्या दिवसापासूनच बघा.

रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, कार्ड असं सांगून कोणी आधी पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिरा.

मग परवानगी. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलांसाठी, शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानेच काढायची असते, म्हणजे गोरेगावला सेट असेल तर मुंबई उपनगरची. तिची झेरॉक्स मागून घ्या अन् तारीख बघा, सहा महिन्यांच्या वर ती चालत नाही. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, ब्रेकशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही आणि लागोपाठ २७ दिवसांच्या वर तर नाहीच. "ताई, एकच सीन राहिलाय" असं म्हणतात ना, तेव्हा हे आकडे तोंडपाठ पाहिजेत, अन् बिनधास्त बोला, पोरगी आपली आहे.

पैशाचं नीट ऐका. तिच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्याच नावाच्या एफडीत जायला पाहिजेत. नुसतं "टाकले" यावर भागवू नका, पावती हातात घ्या अन् नाव वाचा. पॅन कार्ड पण तिचंच काढा, कारण स्वतःच्या कलेतून आलेली कमाई आईबापाच्या उत्पन्नात धरत नाहीत. आणि पेमेंट बऱ्याचदा ९० दिवसांनी येतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर मुंबईत रूम घेऊ नका.

शाळेत हेडसरांना आधीच भेटून परीक्षेच्या तारखा घ्या आणि त्या प्रॉडक्शनवाल्यांना लेखी द्या, शिक्षण तुटू न देणं ही नियमानं त्यांचीच जबाबदारी आहे.

सगळ्यात अवघड म्हणजे लीप, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतात अन् छोट्या रोलसाठी मोठी अभिनेत्री आणतात. अविका गोर २००८ ला 'बालिका वधू'त छोटी आनंदी झाली, घराघरात पोचली, तरी मोठ्या आनंदीसाठी दुसरी अभिनेत्री आली. अविकाने पुढे २०११ ला 'ससुराल सिमर का' केली, २०१३ ला तेलुगू सिनेमात गेली, पण सगळ्यांना असं दुसरं काम मिळत नाही. म्हणून लीपचं पोरीला आधीच सांगून ठेवा, रोलचं वय वाढलं म्हणून तुला काढलं, तू कमी पडली म्हणून नाही. आणि गावी आल्यावर पाहुण्यांनी "आता टीव्हीवर का नाही दिसत?" विचारलं तर उत्तर तुम्ही द्या, तिला देऊ देऊ नका.