लाईट जायच्या आधी एकदा स्वतःच मेन स्विच पाडून बघा

लाईट गेल्यावर काय काय लागतं हे यादी करून कळत नाही. एखाद्या संध्याकाळी अंधार पडला की स्वतःच मेन स्विच बंद करायचा आणि तासभर तसंच बसायचं, घरचे वैतागतील पण सगळं लख्ख कळतं. मी केलं तेव्हा टॉर्च शोधायला मोबाईलचीच टॉर्च लावावी लागली, आणि सापडली तर आतले सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी पूड साचलेली. आता सेल बाहेर काढून पिशवीत घालतो, पिशवी रबराने टॉर्चलाच बांधून दाराजवळच्या खिळ्याला. अंधारात चाचपत सेल घालायला जमतात का तेही त्याच तासात बघून घ्या. मेणबत्ती अगदीच नाइलाज असेल तर, पडद्यापासून लांब.

पॉवरबँकवरच्या आकड्याला भुलू नका. 10000 एमएएच लिहिलेलं असलं तरी निम्म्याहून थोडंच जास्त फोनपर्यंत पोचतं, म्हणजे 5000 ची बॅटरी सव्वा वेळा भरली तरी खूप झालं. आणि दोनतीन महिन्यांनी ती चार्ज करा राव, ऐनवेळी तीच झोपलेली असते.

फ्रीजचं मात्र नीट ऐका. दार उघडलं नाही तर खालचा भाग साधारण 4 तास थंड राहतो, फ्रीजर गच्च भरलेला असेल तर 48 तास आणि अर्धा असेल तर 24, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, काठोकाठ भरायच्या नाहीत, गोठताना पाणी फुगतं. एका वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. बाहेरगावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय, ते खायचं नाही.

पंपावर पाणी चढत असेल तर बादल्या भरून ठेवा. फ्रीजमधल्या औषधांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. जनरेटर घरात किंवा गॅलरीत अजिबात नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो, माणूस झोपेत जातो.

लाईट गेली की टीव्ही, एसी, कॉम्प्युटरचे प्लग काढा, एक बल्ब तेवढा चालू ठेवा म्हणजे आली की कळेल. आल्यावर पाचेक मिनिटं थांबून मग एकेक लावा, एसी शेवटी.