दोन सूतांचा हिशेब: पॅचवर्कचा ब्लॉक शिवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या आसपास वाकळ, म्हणजे गोधडी, नसलेलं घर शोधावं लागेल. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं मांडायची, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचं. एखादं ठिगळ बोटभर लहान पडलं तर शेजारचं थोडं पुढे सरकवलं की भागलं, कारण सगळं खालच्या थरावर बसलेलं असतं. पॅचवर्कच्या ब्लॉकला, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या मोठ्या चौकोनाला, हा आधार नाही. असे ब्लॉक जोडत गेलं की गोधडी होते. तुकडा थेट तुकड्याला शिवायचा असतो, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात पडते. जन्मभर वाकळा शिवलेल्या बायकाही पहिल्या ब्लॉकला अडतात त्या इथंच, आणि नाव मात्र मशीनचं घेतलं जातं.

साधा नऊ चौकोनांचा ब्लॉक घ्या. प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा कापायचा. चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं, तयार चौकोन ४ इंचांचा आणि ब्लॉक १२ इंचांचा होतो. बाहेरच्या कडा अजून शिवायच्या असतात, म्हणून नुसता ब्लॉक मोजला की तो साडेबारा भरला पाहिजे. तो भरत नाही, ही सगळ्यांची पहिली तक्रार.

पाव इंच म्हणजे टेलरच्या भाषेत दोन सूत. शिलाई अर्धा सूत जास्त गेली तर काय मोठंसं, असं वाटतं. पण प्रत्येक शिलाई दोन तुकड्यांमधून कापड खाते, म्हणजे अर्ध्या सुताचा एक सूत झाला. तीन चौकोनांच्या ओळीत शिलाया दोन, म्हणजे दोन सूत गेले आणि ब्लॉक सव्वाबारावर आला. एकट्या ब्लॉकमध्ये हे डोळ्याला कळतही नाही. सहा ब्लॉक एका ओळीत जोडले की दीड इंचाहून जास्त कापड गायब झालेलं असतं आणि गोधडीची एक बाजू आखूड पडते.

पायाच्या जुन्या काळ्या मशीनवर कापड दाबून धरणाऱ्या पावलाची कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही. पावलाच्या कडेला कापडाची कड लावून शिवत जाणं ही सवयीची चूक आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी स्टीलच्या पट्टीने मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिलाई रुंद जाते आहे, जास्त भरली तर अरुंद. मग कागदावर कडेपासून पाव इंचावर रेघ मारा, सुई त्या रेघेवर उतरवा आणि कागदाची कड जिथे येईल तिथे मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. कापड त्या कडेला टेकवून चालवायचं. शिलाईवर कापड दुमडतं तिथेही केसभर माप जातं, म्हणून शिलाई पाव इंचाहून किंचित कमीच घेतलेली बरी. आणि कापडी टेपवर विसंबू नका. वर्षानुवर्षं गळ्यात लटकून ती ताणलेली असते.

कापताना होणारी एक चूक तर घराघरात होते. पहिला चौकोन पुठ्ठ्यावरून कापायचा, दुसरा पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी वाढते आणि शेवटचा चौकोन पहिल्यापेक्षा चांगला सूतभर मोठा होतो. प्रत्येक तुकडा मूळ पुठ्ठ्यावरूनच आखा आणि पुठ्ठ्याचे कोपरे झिजले की नवा कापा. कात्रीने एका वेळी दोनपेक्षा जास्त थर कापू नका, खालचे थर सरकतात. काठ मात्र आधीच कापून टाका. तिथली वीण घट्ट असते, धुतल्यावर ती वेगळी आटते.

कापडाचं म्हणाल तर टेलरकडच्या चिंध्या फुकट मिळतात आणि त्याच गोत्यात आणतात. ब्लाउजच्या मुंढ्याजवळचे तुकडे पाचरीसारखे असतात, त्यात उभा धागा कुठला हे चटकन कळत नाही. तुकडा दोन्ही हातांनी धरून तिन्ही दिशांनी ओढा. उभ्या धाग्याला तो जवळजवळ ताणला जात नाही, आडव्याला किंचित ताणला जातो आणि तिरक्या दिशेला भरपूर. चौकोनाच्या बाजू तिरक्या धाग्यावर पडल्या तर तो हातातच समोशासारखा वाकडा होतो. कडक इस्त्रीने तो सरळ झाल्यासारखा वाटतो, धुतल्यावर पुन्हा पहिल्यासारखा.

इचलकरंजी जवळच असल्यामुळे आपल्याकडे पॉपलिन, केंब्रिकसारखं सुती कापड मिळायला अडचण नाही. पण दुकानदार सुती म्हणाला म्हणून सुती धरू नका, एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख भुरभुरीत असते. गोळा होऊन कडक मणी उरला तर त्यात पॉलिएस्टर आहे. खणाचे तुकडे दिसायला सुरेख, पण हल्ली त्यांत कृत्रिम धागा बराच असतो. साध्या सुतीशेजारी तो ना सारखा आटत, ना सारखी इस्त्री सोसत.

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. म्हणून शिवण्याआधी धुवा, आणि सगळी कापडं धुवा. एक धुतलेलं आणि एक कोरं ही सगळ्यात वाईट जोडी. लाल, मरून, गडद निळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा, तरी सुटत राहिला तर पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की सुटणारा रंग पक्का होतो, हा समज आहे.

धुतलेलं कापड मऊ पडतं, कापताना पळतं. त्याला भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची पातळ खळ द्या. कडक कापड सरळ कापलं जातं आणि सुईखालीही शहाण्यासारखं वागतं. मात्र खळीचे तुकडे पावसाळ्यात तसेच ट्रंकेत ठेवू नका. आपल्याकडच्या जुलैच्या दमटपणात बुरशी धरते आणि कसर लागते.

शिवताना कापड ओढायचं नाही, हे सांगून पटत नाही. मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका बाईला दुकानातल्या काकांनी दिलेलं उत्तर असं: "वैनी, मशीनला काय झालं न्हाई. तुमी मागनं वडताय, मशीन खालनं वडतंय. मधी कापडानं करायचं काय?" खरंच आहे. सुईखालचे मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात, वरचा थोडा मागे रेंगाळतो आणि शेवटी वरचं कापड उरतं. दोन्ही टोकांना आणि मध्ये टाचण्या लावा, टाचणीवरून सुई जाऊ देऊ नका. दोन तुकड्यांत एक किंचित लांब असेल तर तो खाली ठेवा, दाते त्याला आपोआप सामावून घेतात.

चुण्या पडत असतील तर आधी सुई बदला. बोथट सुई हेच निम्म्या वेळा कारण निघतं. साध्या सुतीला १४ नंबर, तलम असेल तर ११. मग वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा. टाके इंचात १० ते १२ बसू देत.

इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. घासली की कडा लांबतात. आधी बंद शिलाईवर दाबा, मग उघडून गडद रंगाच्या बाजूला वळवा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिलाया एका दिशेला, मधल्या ओळीच्या उलट. मग ओळी जोडताना समोरासमोरच्या शिलाया एकमेकींत अडकतात, बोटांना तो खटका जाणवतो. तिथेच टाचणी लावली की कोपरे जुळतात. सगळ्या एकाच दिशेला वळवल्या तर तिथे गाठीएवढा उंचवटा येतो आणि सुई घसरते.

कोपरा जुळला नाही तर पूर्ण ओळ उसवू नका. त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचे इंचभर टाके काढा आणि तेवढंच परत शिवा. उसवताना कापड फरकन ओढून वेगळं करू नका. दर चौथा टाका कापा, दुसऱ्या बाजूचा दोरा आपण होऊन निघतो.

आणि ब्लॉक लहान झालेच असतील तर? सगळे सारखेच सव्वाबारा असतील तर काही बिघडलं नाही, गोधडी तेवढी लहान होईल. एकमेकांत फरक असेल तर प्रत्येकाच्या भोवती दीड इंचाची पट्टी शिवा आणि मग सगळे एकाच मापावर छाटा. फरक त्या पट्टीत जातो, चौकोनांना कात्री लागत नाही. ओढून मापात बसवलेला ब्लॉक मात्र गोधडीत घालू नका, मध्ये फुगतो. त्याला उशीचा अभ्रा करा.