धाप आधी, मीटर नंतर: गाईचा उष्णतेचा ताण मोजायला शिकताना

पदवीच्या प्रकल्पात किंवा डेअरीच्या विस्तार विभागात नवीन रुजू झाल्यावर हा विषय वाट्याला आला, की पहिली धाव सेन्सर विकत घेण्याकडे असते. आमचं सांगणं उलटं आहे. पहिला आठवडा फक्त सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन गोठ्यात जा आणि श्वास मोजायला शिका. गोठ्यातली हवा किती तापली हे यंत्र सांगेल, पण त्या हवेचं गाईला काय झालं हे गाईकडे बघूनच कळतं.

मोजायची रीत अशी. गाय शांत उभी किंवा बसलेली असताना तीन-चार मीटर लांब, जरा तिरकं उभं राहायचं आणि भकाळीची (शेवटच्या बरगडीमागच्या खळग्याची) वर-खाली हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. उजवी भकाळी बरी, कारण डाव्या बाजूला कोठीपोटाची (चारा साठवणाऱ्या मोठ्या पोटाची) हालचाल मध्येच मिसळते. शेपटीने माशी हाकलली, गाय उठली किंवा मोजणी चुकली, तर पहिल्यापासून सुरुवात. अंदाजाने भर घालायची नाही. गाय बसलेली होती की उभी, सावलीत की उन्हात, हेही आकड्याशेजारी लिहा. आणि हे सगळं गाईला हात लावण्याआधी. खोड्यात आणून बांधलेल्या गाईचा श्वास भीतीने वाढलेला असतो, तो आकडा उन्हाच्या नावावर लिहाल.

संकरित होल्स्टीन गाईंमध्ये मिनिटाला ६० च्या वर गेलं की ताण सुरू झाला असं धरतात, ८० च्या वर तो उघड दिसतो, १२० च्या पुढे परिस्थिती गंभीर. एक फसवी गोष्ट मात्र इथेच आहे. फार तापलेली गाय तोंड उघडून, जीभ बाहेर काढून खोल श्वास घेऊ लागते तेव्हा श्वासांची संख्या उतरते. वहीत १२५ नंतर ९५ दिसतात आणि नवखा लिहितो, "सुधारणा". म्हणून संख्येबरोबर धापेचा गुणही लिहायचा: तोंड बंद आणि थोडी धाप असेल तर १, जोराची धाप आणि लाळ गळते पण तोंड बंद असेल तर २, तोंड उघडं आणि मान पुढे ताणलेली असेल तर ३, जीभ पूर्ण बाहेर असेल तर ४. संख्या उतरली आणि गुण चढला, तर वही बाजूला ठेवून आधी गाईवर पाणी मारायला सांगा.

आता हवा. आपल्याकडे सर्रास वापरतात तो टीएचआय, म्हणजे तापमान-आर्द्रता निर्देशांक. त्याचं नेहमीचं सूत्र:

टीएचआय = (१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

तापमान सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत. मे महिन्यातली दुपार, ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता: उत्तर येतं सुमारे ८३. कोकणातला दमट दिवस, फक्त ३१ अंश पण ८० टक्के आर्द्रता: उत्तर ८४.५. थर्मामीटरवर सात अंश कमी असूनही गाईला दुसरा दिवस जड, कारण घाम आणि श्वासातून बाष्प उडायला हवेत जागाच उरत नाही. नुसत्या तापमानावर निष्कर्ष काढू नका ते यासाठी.

हवामान केंद्राचे आकडे वापरताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दिवसाचं कमाल तापमान आणि दिवसाची कमाल आर्द्रता एकाच सूत्रात घालणं. आर्द्रता पहाटे सर्वाधिक असते, तापमान दुपारी. वरच्याच मेच्या दिवशी पहाटेची ७० टक्के आर्द्रता दुपारच्या ३८ अंशांना जोडली तर टीएचआय ९३ येतो. असा क्षण त्या दिवशी नव्हताच. एकाच वेळेचे दोन आकडे घ्या. दुसरं, सूत्रं अनेक आहेत. कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरचं ०.७२ × (दोन्हींची बेरीज) + ४०.६ हे सूत्र त्याच दुपारी दीड-एक अंक जास्त दाखवतं. कोणतंही वापरा, पण शेवटपर्यंत तेच, आणि अहवालात लिहून.

सेन्सर कुठे टांगला यावर निम्मं काम अवलंबून आहे. गाईच्या पाठीच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर, तिची जीभ पोचणार नाही अशा जागी, भिंतीपासून आणि पत्र्यापासून लांब. पत्र्याखाली हातभर अंतरावर टांगलेला सेन्सर छताचं तापमान सांगतो. फॉगरच्या (बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्राच्या) तोंडासमोरचा सेन्सर आर्द्रता १०० टक्के दाखवतो, तीही खरी नव्हे. ऊन थेट पडत असेल तर वर पांढरी, हवा खेळणारी टोपी हवी. स्वस्तातला डीएचटी-११ घेऊ नका, त्याची तापमानातली चूकच ±२ अंश आहे. डीएचटी-२२ किंवा एसएचटी-३१ घ्या. गोठ्यातल्या अमोनियाने आणि धुळीने आर्द्रतेचा सेन्सर हळूहळू बिघडतो, म्हणून दर महिन्याला मिठाची चाचणी: घट्ट झाकणाच्या डब्यात साधं मीठ, वर ते ओलं लगद्यासारखं होईल इतकंच पाणी, सेन्सर लगद्याला न लागता आत, डबा रात्रभर बंद. २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ टक्के यायला हवा. ८२ दाखवत असेल तर महिनाभराच्या नोंदींकडे संशयानेच बघावं लागतं.

टीएचआयमध्ये ऊन आणि वारा धरलेले नाहीत. मुक्त संचार गोठ्यात गाई उन्हात फिरत असतील तर काळ्या गोळ्याचा थर्मामीटर लावा: मॅट काळा रंग दिलेला १५ सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा पोकळ गोळा, मधोमध थर्मामीटर. जागा बदलली की अर्धा तास थांबून मगच वाचायचं.

शरीराचं तापमान गुदद्वारातून घेताना थर्मामीटरचं टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, शेणात रुतलं तर आकडा खोटा. एक मिनिट धरा, आणि दोरी बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावा, नाहीतर थर्मामीटर शेणात शोधावा लागतो. निरोगी गाय ३८ ते ३९.३ अंशांत असते. गोठ्यात अजून फॅरनहाइटच चालतं, तिथे हे १००.४ ते १०२.७. वेळ महत्त्वाची: हवा दुपारी तापते, पण गाईचं शरीर काही तास मागून येतं आणि बहुधा संध्याकाळी सर्वांत गरम असतं. अकरा वाजता मोजून "ताण नाही" लिहिलेले अहवाल भरपूर सापडतात. आमच्या मते दोनच वेळा जमत असतील तर पहाटे पाच आणि संध्याकाळी सहा घ्या. पहाटेचा आकडा सांगतो की गाय रात्रीत थंड झाली का. पहाटे २६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर टीएचआय ७४ असतो, ताण सुरू होतो असं धरतात त्या ७२ च्याही वर, म्हणजे तिला सुटका मिळालेलीच नाही.

गोठ्यात एकटीलाच १०५ फॅरनहाइट ताप आणि बाकीच्या ठीक, तर तो उन्हाचा ताण नव्हे. कासदाह, गोचीडताप बघा, डॉक्टरांना बोलवा आणि ती गाय त्या दिवशीच्या सरासरीतून काढा. इन्फ्रारेड बंदूक सोयीची वाटते, पण ती कातडीचं तापमान देते, आणि अंगावर पाणी मारलेलं असेल तर पाण्याचं. पोटातल्या बोलसमध्ये (गाईला गिळायला दिलेल्या सेन्सरच्या गोळीत) पाणी प्यायल्यावर आकडा एकदम घसरतो, त्या खाचा गाळल्याशिवाय सरासरी काढू नका.

मर्यादेचे आकडे कुठून आले हेही ठाऊक असू द्या. टीएचआयची ७२ ही जुनी मर्यादा आणि जास्त दुधाच्या गाईंसाठी नंतर सुचवलेली ६८, दोन्ही अमेरिकेतल्या होल्स्टीनवरून आलेल्या. गीर किंवा देवणीला त्या जशाच्या तशा लावल्या तर सगळा कळप वर्षभर आजारी ठरेल. म्हशीचं गणित आणखी वेगळं: काळी कातडी, घामग्रंथी कमी. तिला डुंबायला मिळालं का, हा रकाना नोंदवहीत हवाच.

दुधाशी सांगड घालताना आजचं दूध आजच्या टीएचआयशी जोडू नका, घट एक-दोन दिवस मागून दिसते. संकलन केंद्राच्या पावतीवरचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) रोज उतरवून घ्या, आणि त्याच दिवशी वैरण, पेंड किंवा मुरघासाचा खड्डा बदलला असेल तर तेही लिहा. योनीमार्गात लॉगर (तापमान आपोआप नोंदणारं छोटं यंत्र) ठेवायचा विचार असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज हिवाळ्यातच टाका. मंजुरी मेमध्ये मिळाली तर मोजायला उन्हाळा उरत नाही.