गस्ती नौका चालवताना या चुका टाळा

रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं. २००८ मध्ये दहा अतिरेकी रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत पोचले. किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांत गस्त घालायची जबाबदारी सागरी पोलिसांवर आहे, म्हणून धक्क्याला बांधून ठेवलेली नौका बघितली की माझा जीव तुटतो. मी अशाच नौकेवर इंजिन ड्रायव्हर आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गस्तीची वेळ घड्याळावर ठरवणं. 'रोज सकाळी दहा' असं रजिस्टरला शोभतं, खाडीला नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज दहाला खाडीच्या मुखाशी भरपूर पाणी असेल, तर आठवड्याने त्याच दहाला जवळजवळ पुरी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं, तेव्हा तर रेतीचा दांडा उघडाच पडतो. भरतीचं कोष्टक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हवं. आणि गावातल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला, विचारा, कारण प्रत्येक पावसाळ्यानंतर दांडा जागा बदलतो, कोष्टकात ते नसतं.

नौका रेतीवर बसलीच तर इंजिन रेटू नका. नौकेचा पाण्याखालचा पंखा रेती उपसतो आणि तीच रेती थंडाव्याच्या पाण्यातून आत जाते. इंजिन बंद करा, नांगर टाका, पाणी चढू द्या.

इंजिन सुरू झालं की मीटरच्याही आधी मागची धुराची नळी बघा. इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी तिच्यातून भक्‌भक् पडलं पाहिजे. धार बारीक झाली, वाफ दिसली, की लगेच बंद. समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून गाळणी उघडा. एकदा माझ्या गाळणीत चिखलात लडबडलेली दुधाची पिशवी निघाली. साफ केली, तरी धार येईना. पंप खोलला तर रबरी इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, दोन पाती तुटलेली. नवा बसवून सुटलो असं वाटलं, पण इंजिन परत तापलं, कारण तुटलेले तुकडे पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तोंडाशी अडकले होते. तेव्हापासून पाती मोजतो. एक जरी कमी असली तरी तुकडा सापडेपर्यंत झाकण लावत नाही. जादा इंपेलर नौकेवरच ठेवा, स्टोअरला नको. तापलेल्या इंजिनाच्या गोड्या पाण्याचं झाकण मात्र लगेच उघडू नका, तोंड भाजेल.

डिझेलची टाकी अर्धी ठेवून आठवडाभर नौका उभी केली तर दमट हवेचं पाणी टाकीत साचतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं तळाचं पाणी दर फेरीआधी काढा.

पंख्यात जाळं अडकलं तर गिअर मागे-पुढे करून सोडवायला जाऊ नका, फास आवळतो. इंजिन बंद, चावी खिशात, नांगर खाली, मगच कोयती.

मच्छीमारांच्या बोटीकडे जाताना वेग दाखवायची हौस नको. त्यांच्या जाळ्यावरून नौका गेली तर हजारोंचं नुकसान होतं, आणि नंतर तो तांडेल अनोळखी बोट दिसली तरी सागरी सुरक्षेच्या १०९३ या हेल्पलाइनला फोन लावत नाही. लांबूनच वेग कमी करा, जाळं कुठे टाकलंय ते विचारा, मग बाजूला लागा. कागद बघायच्या आधी "काय गावलं आज?" एवढं विचारलं, तरी तो रात्री दिसलेल्या दिव्यांबद्दल आपणहून बोलतो.