बार बॉडी आणि एक्स गुणसूत्र : प्रॅक्टिकलपासून रिपोर्टपर्यंत या चुका टाळा

‘बार बॉडी म्हणजे काय?’ असं व्हायवाला (तोंडी परीक्षेत) विचारलं की बहुतेकांकडून एकच उत्तर येतं : स्त्रीच्या पेशीतलं जादा एक्स गुणसूत्र. मुंबईत टी.वाय.च्या मुलांना पेशीविज्ञान शिकवताना मला वाटतं, सगळी गडबड इथूनच सुरू होते. स्त्रीच्या पेशीत एक एक्स आईकडून आलेलं असतं आणि एक वडिलांकडून. त्यातलं कुठलंच जादा नसतं. कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं आवळून गप्प करायचं, हे भ्रूणातली प्रत्येक पेशी आपल्यापुरतं ठरवते. आवळून गप्प झालेलं ते एक्स म्हणजे बार बॉडी. ‘प्रत्येक पेशी आपल्यापुरतं’ एवढं पक्कं समजलं, तर पुढच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

‘सदोष एक्स बंद होतं’

हे चूक आहे. गर्भ गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास ही निवड होते आणि ती यादृच्छिक असते. पेशी जनुकं तपासून चांगलं-वाईट ठरवत नाही. एकदा निवड झाली की त्या पेशीच्या सगळ्या वंशज पेशी तीच पाळतात. म्हणून स्त्रीचं शरीर दोन प्रकारच्या पेशींच्या ठिगळांचं बनतं. मेरी लायन यांनी उंदरांच्या केसांच्या रंगावरून हे १९६१ मध्ये मांडलं. कधी सदोष एक्स चालू असलेल्या पेशी मागाहून मागे पडतात आणि दुसऱ्या पेशी जास्त उरतात. तिथे पेशी वेचल्या गेल्या, एक्सची निवड तशी झाली नव्हती. उत्तर लिहिताना हा फरक सोडू नका.

ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला गेलात तर मासळीभोवती काळ्या-नारिंगी ठिगळांची मांजर हमखास दिसेल. ती बहुधा मादीच असते, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर आहे आणि काळी-नारिंगी ठिगळं पडायला दोन एक्स लागतात. इथेही एक चूक ठरलेली असते : पांढरे डागही एक्स बंद झाल्यामुळे पडतात, असं लिहिणं. पांढऱ्या डागांचं जनुक वेगळ्याच, लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रावर आहे. तिरंगी मांजराचा बोका क्वचित सापडतो आणि तो बहुतेक वेळा एक्सएक्सवाय, म्हणजे दोन एक्स आणि एक वाय असलेला, असतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला. त्या पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंग नव्हताच. डीएनए तोच, पण ज्या एका पेशीपासून क्लोन घडला तिच्यातली एक्सची निवड आधीच होऊन गेली होती.

‘बंद म्हणजे पूर्ण बंद’

टर्नर सिंड्रोमवरचा हा प्रश्न मी दर वर्षी विचारते. एक एक्स तसंही बंदच असणार, तर ४५,एक्स, म्हणजे एकूण ४५ गुणसूत्रं आणि त्यात एकच एक्स, असलेल्या मुलीला त्रास का होतो? आणि एक्सएक्सवाय पुरुषात जास्तीचं एक्स बंद होत असेल तर क्लाइनफेल्टरची लक्षणं का दिसतात? वर्ग गप्प होतो, कारण पाठ्यपुस्तकातला ‘निष्क्रिय’ हा शब्द सगळ्यांनी शब्दशः घेतलेला असतो.

माणसात बंद एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुकं चालूच राहतात. आणखी काही एका व्यक्तीत चालू, दुसरीत बंद अशी आढळतात. एक्स आणि वायच्या टोकांना जो सारखा भाग असतो, तिथली जनुकं दोन प्रतींतच चालावी लागतात. उंचीशी निगडित शॉक्स जनुक त्यातलंच. टर्नरच्या मुलीत त्याची एकच प्रत असते म्हणून उंची कमी राहते. एक्सएक्सवायमध्ये तीन प्रती असतात, त्यामुळे उंची जास्त दिसू शकते. शिवाय स्त्रीबीज तयार होताना त्या पेशींत बंद एक्स पुन्हा जागं होतं. हे लक्षात घेतलं नाही तर टर्नरमध्ये अंडाशयाचं इतकं नुकसान का होतं, ते कळणार नाही.

बार बॉडी मोजायचा नियम मात्र सोपा आहे : एकूण एक्समधून एक वजा. ४५,एक्समध्ये शून्य, एक्सएक्सवायमध्ये एक, तीन एक्स असतील तर दोन. हा नियम द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशींपुरताच आहे, हे आठवणीने लिहा.

‘मिथिलेशनने एक्स बंद होतं’

मिथिलेशन, म्हणजे डीएनएवर मिथिल गट चढणं, शेवटच्या टप्प्यांत येतं. आधी बंद व्हायचं असलेल्या एक्सवरचं झिस्ट नावाचं जनुक चालू होतं. म्हणजे त्या एक्सला गप्प करणारं जनुक त्याच एक्सवर असतं. त्यातून सुमारे १७ हजार बेसचा आरएनए बनतो. त्यापासून प्रथिन तयार होत नाही. तो आपल्याच गुणसूत्रावर पसरून त्याला झाकतो. मग इतर प्रथिनं येतात, जनुकवाचन थांबतं, हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) दडपणाऱ्या खुणा बसतात, मॅक्रोएच२ए हा वेगळा हिस्टोन जमतो आणि शेवटी प्रवर्तक भागांतल्या (जनुकवाचन जिथून सुरू होतं तिथल्या) डीएनएवर मिथिल गट चढून कुलूप पक्कं होतं. हे कुलूप बसल्यावर शरीरपेशीतून झिस्ट काढलं तरी एक्स सहसा जागं होत नाही. ‘सुरू करणं’ आणि ‘टिकवणं’ या दोन पायऱ्या एकाच वाक्यात कोंबू नका.

झिस्टची ताकद पाहायची असेल तर २०१३ चा प्रयोग सांगा. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत तीनपैकी एका २१ व्या गुणसूत्रावर झिस्ट बसवलं, आणि ते गुणसूत्र गप्प झालं. व्हायवात हे सांगितलंत तर परीक्षक पुढचा प्रश्न आनंदाने विचारतील.

आकृतीबद्दल थोडक्यात. जर्नलमध्ये बार बॉडीच्या जागी इंग्रजी एक्सचा आकार काढू नका. तो आकार पेशीविभाजनात, दोन अर्धगुणसूत्रं जोडलेली असताना दिसतो, आणि सगळ्याच गुणसूत्रांचा दिसतो. बार बॉडी विभाजन नसतानाच्या केंद्रकात, पटलाला चिकटलेली, साधारण एक मायक्रॉनची गडद गाठ असते. आठ हिस्टोनभोवती १४७ बेसजोड्या गुंडाळलेला न्यूक्लिओसोम बरोबर काढता, छान. पण त्यापुढचा ३० नॅनोमीटरचा नीटस धागा परीक्षानळीतला आहे. २०१७ मध्ये अखंड पेशींचं निरीक्षण झालं तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटरचे वेडेवाकडे धागे दिसले.

स्लाइड का फसते

गालाच्या आतल्या पेशी खरवडायच्या एवढंच दिसायला सोपं असतं. प्रॅक्टिकलच्या आधी कॅन्टीनमध्ये वडापाव खाऊन आलात तर आधी दोन-तीनदा चूळ भरा. पहिलं खरवडणं टाकून द्या; त्यात मेलेल्या पेशी आणि जीवाणूच जास्त असतात. त्याच जागेवरून पुन्हा हलक्या हाताने घेतलेलं स्लाइडवर पातळ पसरवा आणि ओलं असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. सर्वात जास्त स्लाइड इथेच वाया जातात. लेप हवेत वाळला की केंद्रक फुगतं आणि आतलं काही धड दिसत नाही. ‘पंख्याखाली पटकन वाळवू’ हा विचारही करू नका. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की उघड्या बरणीतलं अल्कोहोल पाणी ओढून पातळ होतं. बरणीचं झाकण लावा आणि अल्कोहोल वेळच्या वेळी बदला.

सगळीकडे काळे ठिपके दिसत असतील तर असिटोऑर्सिन हा रंग गाळलेला नाही, असं समजा. ठिपका खरा की रंगाचा कण, हे ओळखायला सूक्ष्मदर्शकाचा सूक्ष्म स्क्रू हळू फिरवा. कण केंद्रकापेक्षा वेगळ्या पातळीवर स्पष्ट होतो. गोल जीवाणू पेशीवर बसले की हुबेहूब बार बॉडीसारखे भासतात, पण ते केंद्रकाबाहेरही विखुरलेले दिसतात. ऑइल इमर्शनखाली सपाट, न दुमडलेली शंभर केंद्रकं मोजा. पुरुषाच्या गालाची एक स्लाइड सोबत ठेवा. तिथेही बार बॉडी ‘सापडत’ असतील, तर मोजणीच चुकते आहे.

‘प्रत्येक पेशीत एक एक्स बंद असतं, मग शंभरात शंभर का दिसत नाहीत?’ गाठ केंद्रकाच्या कडेला आली तरच नीट दिसते. वर किंवा खाली असेल तर हरवते. आकडा कमी आला म्हणून घाबरू नका आणि तो वाढवून तर मुळीच लिहू नका.

स्लाइडवरून माणूस ठरवू नका

हे मी अगदी कळकळीने सांगते. बार बॉडी फक्त एकाहून अधिक एक्स असल्याचं सांगते. एखादी व्यक्ती स्त्री आहे की नाही, हे नाही. स्पेनची अडथळा शर्यतीतली धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये अशाच चाचणीमुळे स्पर्धेबाहेर काढलं गेलं. तिची गुणसूत्रं एक्सवाय होती, पण शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नव्हतं. तिला १९८८ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, तोवर ऐन उमेदीची वर्षं गेली होती. म्हणून वर्गात स्लाइडवर नाव नको, सांकेतिक क्रमांक घाला. कुणाच्या स्लाइडमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर ते मोठ्याने बोलू नका, शिक्षकांना बाजूला घेऊन सांगा. गर्भजलातल्या पेशींतल्या बार बॉडीवरून लिंग ओळखण्याची युक्ती १९५० च्या दशकातली आहे. तिचा पुढे काय उपयोग झाला हे आपल्या राज्याला ठाऊक आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा.

‘ती नुसती वाहक आहे, तिला काही होत नाही’

वर्गातली चूक इथे घरात पोहोचते. जी६पीडी या विकराचं (एन्झाइमचं) जनुक एक्सवर आहे. त्याची कमतरता आपल्याकडे पारशी समाजात तुलनेने जास्त आढळते, आणि परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत रक्ताच्या अशा आनुवंशिक विकारांवर काम चालतं. वाहक स्त्रीच्या रक्तात विकर असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही तांबड्या पेशी असतात. सरासरी मोजली तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो, पण विकर नसलेल्या पेशींना धोका असतोच. मुंबईत पावसाळ्यात व्हायवॅक्स मलेरिया झाला आणि प्रायमाक्विन हे औषध सुरू केलं, तर त्या पेशी फुटू शकतात. नुकत्याच पेशी फुटल्या असतील तर चाचणीही फसवते, कारण कमतरतेच्या पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. भावाला किंवा मामाला ही कमतरता असेल तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

हिमोफिलियाच्या वाहक मुलींबाबतही तेच. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचं चांगलं जनुक ज्या एक्सवर आहे तेच जास्त पेशींत बंद पडलं, तर पाळीत खूप रक्त जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही. वडिलांना हिमोफिलिया असेल तर मुलगी वाहक असतेच. तिची रक्तातली घटकपातळी दात काढण्याआधी, शस्त्रक्रियेआधी आणि बाळंतपणाआधी मोजून घ्या.