०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाणित द्रावण कसे तयार करावे

मोलॅरिटी म्हणजे १ लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे मोल (रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम पदार्थ म्हणजे १ मोल). ‘द्रावणात’ हा शब्द महत्त्वाचा. २५० मिलि पाणी मोजून त्यात आम्ल टाकले, तर द्रावण २५० मिलि भरेलच असे नाही. म्हणून आधी आम्ल विरघळवायचे आणि मग पाणी घालून एकूण आकारमान २५० मिलि करायचे.

आधी हिशेब. बाटलीवरचे लेबल नीट वाचा. प्रयोगशाळेतल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे २ रेणू असतात. आम्लाचे रेणुवस्तुमान ९०, पाण्याच्या २ रेणूंचे ३६, मिळून १२६. ०.१ मोलर द्रावण २५० मिलि हवे, म्हणजे ०.१ × ०.२५ = ०.०२५ मोल. त्याला १२६ ने गुणले की ३.१५ ग्रॅम. पाणी विसरून ९० धरले तर २.२५ ग्रॅमच घेतले जाते आणि द्रावण होते साधारण ०.०७१ मोलर. पुढची सगळी उत्तरे बिघडतात आणि दोष मात्र ब्युरेटला (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या नळीला) दिला जातो. स्फटिक ओव्हनमध्ये वाळवूही नका, त्यातले हेच पाणी उडून जाते.

तराजूवर बरोब्बर ३.१५ आणण्यासाठी कणाकणाने झटापट करण्यात अर्थ नाही. ३.१८ ग्रॅम आले तर तेवढेच नोंदवा, मोलॅरिटी ०.१०१ लिहा. खरी नोंद ही जमवलेल्या आकड्यापेक्षा केव्हाही बरी.

स्फटिक बीकरमध्ये सुमारे १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात काचकांडीने ढवळून पूर्ण विरघळवा. कोमट केले असेल तर थंड होऊ द्या. गरम द्रावण फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरले की गार झाल्यावर पातळी खाली जाते. मग फनेलमधून २५० मिलि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर आकारमानाची खूण असलेल्या) ओता. बीकर, कांडी आणि फनेल थोड्या थोड्या पाण्याने तीनदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घाला. फ्लास्क आतून डिस्टिल्ड पाण्याने ओला असला तरी चालतो, कारण त्यात पाणी घालायचेच आहे. ब्युरेटला ही सूट नाही, ती भरायच्या द्रावणानेच विसळावी लागते.

खूण जवळ आली की ड्रॉपर घ्या. डोळे खुणेच्या पातळीत ठेवून द्रावणाच्या वक्राचा तळ रेषेला टेकवा. थेंबभर जास्त झाले तर वरचे काढून टाकू नका, त्याबरोबर आम्लही जाते. द्रावण टाकून पुन्हा सुरुवात करा. बूच लावून १०-१२ वेळा उलटसुलट करा. त्यानंतर पातळी खुणेखाली दिसेल, कारण थोडे द्रावण मानेला आणि बुचाला चिकटलेले असते. पुन्हा पाणी घालू नका.

हाच खटाटोप सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून का करत नाहीत? कारण ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे वजनावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून त्याची मोलॅरिटी या द्रावणावरून ठरवतात. आम्लाच्या १ मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे २ मोल लागतात, त्यामुळे १० मिलि आम्लाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिलि लागेल. आम्लात फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) घालून ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. नंतर ती उडाली तरी आणखी थेंब घालू नका, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम असतो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, पिपेट (द्रावण मोजून घेण्याची नळी) तोंडाने ओढू नका.